चांगला पाय

विश्रामबागेत मला 'घोड्यांचा डॉक्टर' म्हणतात. खरं तर माझ्याकडे गाई-म्हशीच जास्त येतात. तरी ते नाव चिकटलं, आणि ते मिरजेच्या एका नालबंदामुळं. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायचो.

शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून पदवी घेऊन घरी आलो तेव्हा घोड्याचा पाय मला तोंडपाठ होता. पुढच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतात, नुसती हाडं आणि लांब कंडरा. अंगाचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर. चौखूर धावताना कंडरेचा गाभा ४५ अंशांपर्यंत तापतो. एवढं सगळं यायचं, पण लंगडणारं घोडं समोर उभं केलं की दुखरा पाय कोणता, हे काही कळायचं नाही.

घोडागाडीच्या शर्यतीत पळणारी एक घोडी अशीच आली. मी वाकून खूर न्याहाळत होतो. नाल बघायला आलेले चाचा म्हणाले, "डॉक्टर, पायाकडं नका बघू, मुंडीकडं बघा." त्यांनी तिला डांबरीवर दुडकीनं पळवायला लावलं. दुखरा पाय टेकला की मान वर जायची, चांगला टेकला की खाली. मग सावलीत उभी करून त्यांनी हाताची पाठ दोन्ही नळ्यांच्या मागून फिरवली आणि माझा हात धरून तिथंच ठेवला. डावीकडं ऊब होती, थोडी फुगवटीही. कंडरा फाटली होती.

मालकाला डाग द्यायचा होता. चाचांनी साफ नकार दिला. मी गप्प राहिलो, कारण मला ठाऊकच नव्हतं. डागल्यानं कंडरा बरी होत नाही, असं ब्रिस्टलच्या संशोधकांनी १९८३ सालीच दाखवलं होतं. ते माझ्या वाचनात फार उशिरा आलं. मी दुखणं पूर्ण थांबवणारं इंजेक्शन भरायला घेतलं, तर चाचा म्हणाले, "थोडं दुखू द्या. दुखतंय म्हणून तर पाय जपतीय." मग औषधाची मात्रा बेतानं ठेवली. बाकी गार पाण्याची धार, पट्टी, आणि पागेत बांधून ठेवणं.

खरी परीक्षा पुढं होती. काही आठवड्यांत सूज उतरली, घोडी उड्या मारायला लागली आणि मालकाला जत्रेची शर्यत दिसू लागली. कंडरेला रक्तपुरवठा मुळात कमी. आधी भरून येतं ते कच्च्या, वेड्यावाकड्या तंतूंनी. हातात धरून रोज थोडं थोडं चालवलं तरच ते ओढीच्या दिशेनं लागतात. पळवण्याजोगं व्हायला नऊ महिने ते वर्ष जातं, आणि तरीही ती जागा पुन्हा फाटण्याची भीती राहतेच. मी हे मालकाला पुस्तकी भाषेत सांगितलं, ते त्यानं ऐकलं नाही. चाचा मात्र रोज संध्याकाळी त्याच्या दारात चहाला जाऊन बसायचे. घोडीचं नावही काढायचे नाहीत, नुसते बसायचे. जत्रा निघून गेली.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा उमगली नव्हती. पागेत आले की चाचा आधी चांगला पाय बघायचे. खूर चाचपायचे, टाचेजवळची नाडी बघायचे. मला तो म्हाताऱ्या माणसाचा चाळा वाटायचा. पुढं अमेरिकेतल्या बार्बारो या शर्यतीच्या घोड्याची बातमी वाचली. २० मे २००६ रोजी प्रीकनेसच्या शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. धातूची पट्टी आणि स्क्रू घालून शस्त्रक्रिया झाली, हाडही जुळत आलं. पण सगळा भार पेलणाऱ्या मागच्या डाव्या पायाला लॅमिनायटिस झाला, म्हणजे खुराच्या आतल्या पापुद्र्यांचा दाह. नंतर तो पुढच्या पायांतही उतरला, आणि २९ जानेवारी २००७ रोजी त्याला शांतपणे मरण द्यावं लागलं. अंथरुणावर पडून राहणं घोड्याला जमत नाही. एक पाय गेला की उरलेले तीन पणाला लागतात. माणसांच्या हाडांसाठी कर्नाटकातूनही लोक ज्या मिरजेला येतात, तिथं घोड्यांसाठी एवढं जाणणारा माणूस रस्त्याकडेला नाल ठोकत बसलेला असायचा.

घोडी पुन्हा शर्यतीत उतरली नाही. हलकी गाडी ओढू लागली, पुढं व्यायलीही. हिशेबाच्या दिवशी मालकानं उपचाराचे सगळे पैसे माझ्या हातात दिले. चाचांनी फक्त नालांचे घेतले.