विस्तवाभोवतीची शोभा

घरात विस्तव जिथे पेटतो त्या जागेभोवतीची भिंत, कट्टा, चौकट आणि कोनाडे सजवण्याची ओढ ही गृहसजावटीतील सर्वांत जुन्या ओढींपैकी एक मानावी लागते, कारण अंधार पडल्यावर घरातील माणसांची नजर आपोआप ज्या दिशेला वळत असे ती दिशा विस्तवाचीच होती. थंड देशांत ही जागा बैठकीच्या खोलीतील भिंतीत बसवलेल्या शेकोटीने घेतली. तिच्याभोवती दगडाची किंवा लाकडाची चौकट आली, चौकटीवर मँटेलपीस नावाची फळी आली आणि त्या फळीवर घड्याळे, फुलदाण्या व घरच्यांची चित्रे मांडली जाऊ लागली. महाराष्ट्रात अशी शेकोटी महाबळेश्वर-पाचगणीकडील इंग्रजी अमदानीतल्या बंगल्यांसारख्या मोजक्या वास्तूंतच रुजली. तरीही विस्तवाभोवतीच्या जागेला रूप देण्याची कला या प्रदेशाला परकी नाही, आणि ती कशी होती, तिच्यातून आजच्या घराने काय घ्यावे, हे पाहायचे तर बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडसारख्या गावाकडे वळावे आणि तेथील चुलीचे आवार निरखावे.

अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत, घाटावरचा मुलूख आणि पूर्णेच्या खोऱ्यातील घाटाखालचा मुलूख यांच्या सांध्यावर हे गाव वसले आहे. १४३७ साली खानदेशच्या नसीर खान फारुकीची फौज वऱ्हाडात उतरली तेव्हा बहमनी सेनापती मलिक-उत-तुजार याने तिचा पराभव केला तो येथेच. फौजा येऊन गेल्या, अंमल बदलले, पण वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ आणि शेतीच्या जमिनीला ‘काळी’ म्हणण्याची वऱ्हाडी रीत टिकून राहिली, आणि चुलीच्या शोभेचा उगम नेमका या पांढरीत आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या राहत्या वस्तीची राख, पडक्या भिंतींचा गाळ आणि चुनखडीचा अंश मिसळून पांढरीची माती तयार होते, म्हणजे जुन्या चुलींची राख नव्या चुलीच्या लिंपणात परत येते. काळी माती ओलाव्याने फुगते, वाळताना आकसते आणि भेगाळते, म्हणून ती कपाशीला मानवते पण भिंतीला मानवत नाही. पांढरी माती मात्र फारशी हलत नाही, आणि म्हणून धाब्याच्या, अर्थात मातीच्या सपाट छताच्या, घरात छतापासून चुलीपर्यंत तिचाच उपयोग होत आला.

अशा घरांपैकी पुष्कळ घरे एकाच मोठ्या खोलीची आणि पुढच्या ओसरीची असत. पाहुणा आला की ओसरीवर बसे, घरची माणसे आत चुलीच्या उजेडात बसत, आणि स्वयंपाकघर, माजघर व बैठक या वेगवेगळ्या खोल्या नसून एकाच खोलीतील वेगवेगळ्या बाजू असत. त्यामुळे चुलीची बाजू सजवणे म्हणजे राहत्या खोलीचीच सजावट करणे होते. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड या दोहोंची हत्यारे वापरणाऱ्या लोकांची, घरे उजेडात आली, आणि त्या घरांतही विस्तवाच्या आखीव जागा आढळल्या. दख्खनमधील माणसाची विस्तवाची जागा नीट बांधून घेण्याची सवय इतकी जुनी आहे.

चूल घडवणे हे मुख्यतः बायकांचे काम. चाळलेली माती, शेण आणि बारीक कुटार, म्हणजे धान्य मळून उरलेला भुसा, एकत्र भिजवून काही काळ मुरू दिले जाते. शेणातील व भुशातील तंतूंमुळे माती वाळताना तडकत नाही. मग हातानेच दोन बाजू व मागची भिंत उभी करून तोंडाशी तीन उंचवटे ठेवले जातात, ज्यांच्यावर भांडे टेकते आणि ज्यांच्यामधल्या फटींतून ज्वाळेला वाट मिळते. शेजारी वैल, म्हणजे मुख्य चुलीच्या आचेवरच चालणारे दुसरे तोंड, काढले जाते आणि तिच्यावर वरण किंवा दूध मंद आचेला राहते. ही सगळी घडण उन्हात न ठेवता सावलीत वाळवतात. अशा चुलीची जी गोलाई डोळ्यांना सुंदर वाटते ती शोभेसाठी काढलेली नसते. पऱ्हाटी व तुराट्यांची, म्हणजे कपाशीच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्यांची, झटकन भडकणारी आग भांड्याखाली गोळा करून ठेवण्यासाठी ती लागते.

या घडणीवर रोजचा हात फिरतो तो पोतेऱ्याचा. पोतेरे म्हणजे पातळ मातीत बुडवलेले फडके. रात्रीची राख काढून झाली की त्याने चूल, तिच्यामागची भिंत आणि पुढचा ओटा पुसून घेतला जातो, आणि काजळी व उतू गेल्याचे डाग मातीच्या नव्या थराखाली जातात. सणासुदीला हेच काम विस्ताराने होते व त्याला पोतारणे म्हणतात. दिवाळीपूर्वी भिंती पोतारून खालच्या अंगाला गेरूची पट्टी ओढली जाते, तिच्यावर चुन्यात बुडवलेल्या बोटांचे ठिपके उठवले जातात, ओट्यावर स्वस्तिक किंवा गोपद्मे रेखली जातात. भाद्रपदात महालक्ष्म्या घरी येतात तेव्हा उंबऱ्यापासून काढलेली पावले चुलीपर्यंत नेली जातात, कारण येणाऱ्या देवीला घरातील अन्नाची जागा दाखवायची असते. श्रावणात शीतला सप्तमीला चूल सारवून, हळदकुंकू वाहून थंड ठेवतात आणि आदल्या दिवशीचे शिळे अन्न खातात. वर्षभर तापणाऱ्या जागेला एक दिवसाची विश्रांती देणारा हा सण आहे. या साऱ्या सजावटीत निगा आणि शोभा यांच्यात रेघ ओढता येत नाही, आणि या परंपरेचे मर्म तेच आहे.

चुलीभोवतीच्या वस्तूंच्या मांडणीलाही अशीच शिस्त होती. मागच्या भिंतीतील कोनाड्यात मीठ, तेलाचा बुधला आणि दिवा. एका अंगाला उतरंड, म्हणजे मोठ्यावर लहान अशी एकावर एक रचलेली मडकी. हाताशी फुंकणी, चिमटा, उलथणे आणि भाकरीचे पीठ मळण्याची लाकडी काथवट. वर आढ्याला शिंकाळे. खानदेशाची सीमा जवळ असल्याने पातळ मांडे भाजण्याचे खापरही या मुलखातल्या घरांत चुलीजवळ दिसते. आढ्याच्या लाकडांना ज्वारीची निवडक कणसे आणि भोपळ्या-दोडक्यांचे बियाणे टांगून ठेवत, कारण धुराने त्यांना कीड लागत नसे. चुलीतील राख कडधान्याला चोळून ठेवण्यामागेही हेच कारण होते. पुढच्या हंगामाचे बियाणे रोजच्या जेवणाच्या विस्तवावर लटकत असे, आणि घरातील मुले जेवता जेवता वर पाहत तेव्हा त्यांना ते दिसे. पुढे बाजारातून आणलेले कोणतेही तोरण या कणसांइतके अर्थपूर्ण झाले नाही.

रोहिणखेडमध्येच दगडात घडलेले एक उदाहरण या विचाराला पूरक ठरते. खुदावंद खान महदवी याने १५८२ साली बांधलेली तेथील मशीद आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांपैकी एक आहे. मशिदीच्या पश्चिम भिंतीत मेहराब असतो, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कमानदार कोनाडा; भिंतीचा बराचसा भाग साधा ठेवून कारागीर कमानीच्या कडेला कोरीवकाम एकवटतो आणि त्यामुळे पाहणाऱ्याचे मन पोकळीकडे जाते. चुलीमागची भिंत सारवून मोकळी ठेवणाऱ्या आणि गेरूची पट्टी फक्त कडेने ओढणाऱ्या गृहिणीने हाच नियम पाळला होता. ज्या जागेत विस्तव आहे तिथे सजावटीने कडेला उभे राहावे, ही दृष्टी दोन्हींत समान आहे.

पश्चिमेकडील शेकोटीचा इतिहासही अखेर याच निष्कर्षाकडे येतो. तेथे शतकानुशतके चौकटीवरील कोरीवकाम वाढत गेले, पण खोली मात्र धुराने भरत राहिली आणि ऊब धुराड्यातून निघून जात राहिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने शेकोटीच्या पेटीचा खोलपणा कमी केला, तिच्या बाजू तिरप्या केल्या आणि धुराड्याचा गळा अरुंद केला, तेव्हा तीच शेकोटी कमी धुरात जास्त ऊब देऊ लागली. त्याच्या शेकोट्या आजही सुंदर दिसतात, कारण त्यांचा आकार उष्णतेच्या चालीला अनुसरतो.

मात्र वऱ्हाडी चुलीचे गुण गाताना तिचा धूर विसरणे हा अन्याय होईल. धाब्यातील झरोक्यातून जेवढा धूर बाहेर जाई त्याहून पुष्कळ अधिक धूर चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील अशा प्रदूषणामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. म्हणून गॅसची शेगडी गावोगावी पोहोचणे, आणि २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने त्या वाटेला वेग येणे, हे स्वागतार्हच आहे. चूल आता अनेक घरांत अंगणात गेली आहे. भाकरी, पुरण किंवा आंघोळीचे पाणी यांपुरती ती उघड्यावर पेटते. सिमेंटच्या नव्या घरात तिची जुनी जागा रिकामी झाली, आणि तिथे चकचकीत फरशा, प्लॅस्टिकची फुले किंवा विजेची दिखाऊ ज्वाळा असलेली तयार शेकोटी आणून बसवण्याचा मोह होऊ लागला.

या रिकाम्या जागेला शोभा द्यायची असेल तर गावाकडे साधने भरपूर आहेत. बैठकीच्या खोलीतील एका भिंतीवर कमरेपर्यंत उंचीचा, हातभर रुंद ओटा बांधून त्यावर स्थानिक काळ्या बेसाल्टची फरशी बसवता येते. हा दगड उष्णता सावकाश घेतो व सावकाश सोडतो, त्यामुळे हिवाळ्यात ओट्यावर गरम पाण्याचे पातेले ठेवले तरी दगड काही वेळ कोमट राहतो. मागच्या भिंतीला पांढऱ्या मातीचा, बारीक कुटार मिसळलेला लेप द्यावा. तो सिमेंटच्या गुळगुळीत थरावर टिकत नाही, म्हणून आधी भिंतीला टाचे मारून ती खरखरीत करून घ्यावी लागते. लेपाच्या कडेने गेरूची एक पट्टी आणि चुन्याचे ठिपके पुरेसे आहेत. मधला भाग मोकळा सोडावा. एक कोनाडा दिव्यासाठी, एक तांब्या-पितळेच्या वापरातल्या भांड्यासाठी, आणि वर दरवर्षी बदलली जाणारी ज्वारीची कणसे असली म्हणजे भिंत ऋतूंशी जोडलेली राहते. जिथे खरा विस्तव पेटवायचा असेल तिथे आधी धुराडे, मग सजावट, हा क्रम सोडू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवल्यास वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू साचून जीव जातो, आणि कापड, लाकूड किंवा कणसे ज्वाळेच्या आवाक्यात ठेवणे घातक असते.

या सजावटीचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात एकत्र लिहिलेले नाही. मातीत कुटार किती घालावे, लेप कोणत्या ऋतूत द्यावा, गेरू कशात कालवावा, हे घरातील आज्यांच्या हातांना ठाऊक आहे, आणि त्या हातांनी आयुष्यभर धूर सोसूनच ते मिळवले आहे. तेव्हा नवे घर बांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने नकाशा पक्का करण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्या बाईला शेजारी बसवावे, तिच्याकडून पोतारण्याची रीत मुलींबरोबर मुलांनाही शिकवावी, आणि बैठकीची एक भिंत तिच्या सल्ल्याने, गावच्या पांढरीच्या मातीने लिंपून घ्यावी.