फुगा किती भरायचा?

फुगा सोडताना बघायला जमलेल्यांना वाटतं, टम्म भरला की झालं. खरं तर जमिनीवरच टम्म झालेला फुगा फार वर जात नाही. 30 किलोमीटरवर हवेचा दाब इथल्या जेमतेम एक टक्का उरतो. थंडीने आकसणं धरूनही आतला वायू साठ-सत्तरपट फुलतो, व्यास सुमारे चौपट होतो. तेवढं ताणायला रबर शिल्लक हवं, म्हणून खाली फुगा ढिला आणि जरा केविलवाणाच दिसायला हवा.

माझा नेहमीचा हिशेब 1200 ग्रॅमच्या लॅटेक्स फुग्याचा. उपकरणांची पेटी, पॅराशूट, दोरा मिळून एक किलो आणि चढायला आणखी एक किलोचा जोर. फुग्याच्या तोंडाला नोझल बसवायचं आणि त्याला पाण्याची बाटली टांगायची. नोझलसकट वजन बरोबर दोन किलो. हेलियम हळूहळू सोडायचा. बाटली जमिनीवरून सुटून अधांतरी राहिली की सिलिंडर बंद. सुमारे सव्वातीन घनमीटर वायू लागतो. फुगा सेकंदाला पाचेक मीटर चढतो. हे सगळं पहाटे, वारा पडलेला असताना. झुळूक आली की फुगा आडवा होतो आणि बाटली खोटं बोलू लागते. हातात सुती मोजे हवेत, बोटात अंगठी नको. नखाचा ओरखडा इथे दिसत नाही, वर गेल्यावर तिथूनच फुगा फाटतो.

अंदाज चुकणारच असेल, तर तो जास्तीकडे चुकावा, असं माझं मत. फुगा थोडा आधी फुटेल, उंची घटेल, पण पेटी हाती येईल. कमी भरलेला फुगा रेंगाळतो आणि वाऱ्याबरोबर दोन जिल्हे पुढे जातो. उंचीच्या आकड्याचा हव्यास धरणारे नेमके इथे फसतात.

बाकीचं थोडक्यात. विमानवाहतूक नियंत्रणाची परवानगी आधी. सोळा-सतरा किलोमीटरवर उणे 80 अंशांच्या आसपास थंडी असते, म्हणून साध्या अल्कलाइन सेलऐवजी लिथियमचे. काही जीपीएस मॉड्यूल मूळ सेटिंगवर 12 किलोमीटरच्या वर स्थान सांगत नाहीत. त्यांना ‘एअरबोर्न’ मोडवर टाकावं लागतं. थंडीची परीक्षा म्हणून ट्रॅकर आदल्या रात्री घरच्या फ्रीजरमध्ये. (मटाराची पिशवी तेवढ्यापुरती शेजारी.)

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबादहून सुटणारे मोठे फुगेही कधी मराठवाडा-विदर्भात उतरतात. शेतात पॅराशूट बांधलेली पेटी दिसली, तर घाबरू नका आणि उघडूही नका. पेटीवर लिहिलेल्या नंबरावर फोन करा, नाहीतर पोलिसांना कळवा.