धाकटीचा कॉस्च्युम



परीक्षा संपल्या की मंदिरातून बाहेर पडताना चपला घालता घालता एक प्रश्न दरवर्षी कानावर येतो. "मुलीला पोहायला घालायचंय गं, पण ते कपड्यांचं काय करता तुम्ही?" गेल्या उन्हाळ्यात हा प्रश्न आमच्याच घरी तीन आठवडे मुक्कामाला होता. म्हणून जे झालं ते लिहून ठेवते.

आधी पोहायला घालायचंच कशाला, हे सांगायला हवं. आम्ही सांगलीत राहतो, तेही नदीच्या अंगाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर पाणी आलं तेव्हा आम्ही नावेतून बाहेर पडलो. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली होती, आणि ती बातमी नावेत बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात होती. धाकटी तेव्हा चार वर्षांची, माझ्या मांडीवर. थोरला सहा वर्षांचा, ह्यांच्या पायाशी. मला पोहता येत नाही. ह्यांना येतं म्हणे, पण मी कधी बघितलं नाही. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, एका हातानं नावेची कड आणि दुसऱ्या हातानं घरच्या मूर्तीची पेटी धरून शांत बसल्या होत्या. मी विचारलं, "अक्का, भीती नाही वाटत?" तर म्हणाल्या, "मला येतंय की पोहायला."

लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि मला हे माहीत नव्हतं. माहेरच्या मळ्यातल्या विहिरीत, परकराचा काचा मारून, पाठीला वाळका भोपळा बांधून भावांनी त्यांना शिकवलं होतं. लग्नानंतर परत पाण्यात उतरल्या नाहीत. नावेतून उतरताना त्या म्हणाल्या, "पोरांना शिकवा. दोघांना."

म्हणजे आमच्या घरी पोहण्याला विरोध असा नव्हताच. तरी अक्कांचा पाण्याचा विचार आपल्यातल्या जुन्या बायकांचा असतो तसाच आहे. लहानपणी पाणी गाळल्यावर गाळण्यातली जिवाणी परत त्याच विहिरीत सोडायचं काम त्यांच्याकडे होतं. पाण्याच्या थेंबात असंख्य जीव, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे तलाव म्हटल्यावर आधी तो हिशेब झाला. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात प्रमादचर्या सांगितली आहे. कारण नसताना जमीन उकरणं, पाणी सांडणं, विस्तव पेटवणं, झाडपाला तोडणं, हा अनर्थदंड. अक्कांनी त्यावरून निवाडा केला: जीव वाचवायला शिकायचं ते कारण आहे, वॉटर पार्कात नाचायचं ते कारण नाही. अष्टमी-चतुर्दशीला सुट्टी, आणि बॅच सकाळची, म्हणजे सूर्यास्ताच्या आत जेवणाचा घोळ नको. कोचना आमच्या मुलांच्या सुट्ट्यांचं गणित पहिले काही दिवस कळलं नाही, मग त्यांनी नाद सोडला.

इतकं सगळं सुरळीत ठरलं, आणि मग मी कॉस्च्युम आणला.

दुकानात चार तऱ्हा होत्या. एक नेहमीचा, पाय मांडीपासून मोकळे. एक त्यालाच कमरेला झालर लावलेला. एक अर्ध्या बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत. आणि एक मनगटापासून घोट्यापर्यंत. सुती टी-शर्ट आणि लेगिंग चालेल का, हे मी आधीच विचारून बघितलं होतं. तलावावर चालत नाही. सुताचे धागे गाळणीत अडकतात, आणि भिजलेलं सुती कापड जड होतं. मी मधला मार्ग म्हणून झालरवाला घेतला. दिसायला फ्रॉक, म्हणजे अक्का काही म्हणणार नाहीत, हा माझा हिशेब. आणि वाढत्या अंगाचा म्हणून एक माप मोठा.

दोन्ही हिशेब चुकले. अक्कांनी तो दोन बोटांत धरून उजेडाकडे केला आणि म्हणाल्या, "ह्याच्या खाली काय घालायचं?" "ह्याच्या खाली काही नाही अक्का, हाच." त्या काही बोलल्या नाहीत, घडी करून परत पिशवीत ठेवला. त्यांनी बोलून घेतलं असतं तर बरं झालं असतं. आणि झालर पाण्यात गेल्या गेल्या छत्रीसारखी वर आली. एक माप मोठा असल्यामुळे खांद्याचे पट्टेही घसरत होते. पोर हातानं पाणी कापायचं सोडून पट्टे सावरत होती. शाळेच्या गणवेशाचा नियम इथे लावू नका मैत्रिणींनो, हा कपडा अंगाबरोबरच हवा.

इचलकरंजीहून वन्संचा फोन आला, की पूर्ण हातापायाचाच घ्या, लोक बघतात. माझ्या बहिणीचं उलट, की दहा वर्षांच्या पोरीचं काय एवढं घेऊन बसलात. हे म्हणाले, "तुम्ही बायका ठरवा." हे वाक्य मला फार लागतं. मुलीचे कपडे म्हटलं की घरातल्या पुरुषांना अचानक आपलं काही कळत नाही असं वाटायला लागतं.

पाचव्या दिवशी गॅलरीत बसलेल्या एका बाईंनी, आपल्याच समाजातल्या, नाव कशाला, शेजारणीला मोठ्यानं विचारलं, "ही आपल्यातलीच ना गं? एवढी मोठी झाली तरी असलं घालून सोडतात?" धाकटी तेव्हा पायऱ्या चढून वरच येत होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या पोटात दुखलं. तिसऱ्या दिवशी ती गेली, पण तलावाच्या कडेला टॉवेल गुंडाळून तासभर बसून राहिली. कोच हाका मारून थकले. मी चिडले, आधी त्या बाईंवर, मग अक्कांवर, मग ह्यांच्यावर. रात्री स्वयंपाकघरात आम्ही दबक्या आवाजात भांडलो. मुलं झोपलीत असं समजून भांडतो आपण. सकाळी वेणी घालताना तिनं आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, "मम्मी, माझं काय वाईट दिसतं?"

त्या प्रश्नापर्यंत तिला आम्हीच आणलं होतं. चौघं मोठी माणसं तिच्या अंगाबद्दल आठवडाभर बोललो, आणि तिच्याशी एकदाही नाही.

त्या रविवारी आम्ही कुंभोजच्या बाहुबलीला गेलो. वर्षातून दोन-तीनदा जातोच. २८ फुटी मूर्तीसमोर अर्घ्य चढवून झालं, अक्का जप करत बसल्या, आणि धाकटी त्यांना टेकून बसली. मी मागे होते. तिनं हळूच विचारलं, "आज्जी, भगवानांनी तर काहीच घातलं नाही. त्यांना कुणी काही म्हणत नाही?"

लहान मुलं हे कधीतरी विचारतातच. माझ्या लहानपणी मी विचारलं होतं तेव्हा चिमटा मिळाला होता. अक्कांनी माळ खाली ठेवली.

"त्यांनी सगळं सोडलंय बाळ. राज्य सोडलं, घर सोडलं, राग सोडला, सगळ्यात शेवटी कापड. बघणारा काय म्हणंल ह्याची त्यांना गरजच उरली नाही. आपण अजून सगळं धरून बसलोय. मग आपण कापड सांभाळायचं."

"मग दादा का नुसत्या चड्डीत पोहतो? त्यानं काय सोडलंय?"

अक्कांना उत्तर आलं नाही. मलाही आलं नाही. थोरला बारा वर्षांचा आहे, त्याला मिसरूड फुटायला लागलंय, आणि त्याची ती इवलीशी चड्डी मी पाच मिनिटांत विकत घेतली होती. कुणी उजेडाकडे धरून बघितली नव्हती.

परत येताना गाडीत अक्का बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, "त्या पोहण्याच्या शर्यती टीव्हीवर लागतात, त्यातल्या पोरी काय घालतात गं?"

ते मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कोचना विचारलं. त्यांनी सांगितलं, की २०१० पासून मोठ्या शर्यतींचा नियमच आहे: बायकांचा कपडा खांद्यापासून फार तर गुडघ्यापर्यंत, पुरुषांचा कमरेपासून गुडघ्यापर्यंत. तलावातल्या शर्यतीत त्याहून लांब चालत नाही. म्हणजे मी जो तिसरा प्रकार 'जुन्या वळणाचा' म्हणून बाजूला ठेवला होता, तो शर्यतीतल्या मुलींसारखाच निघाला. बाहीचा तेवढा फरक. आणि वन्संचा घोट्यापर्यंतचा घेतला असता तर उद्या ती कुठे उतरली तर बदलावाच लागला असता. कोच आणखी एक म्हणाले, ते प्रत्येकीनं लक्षात ठेवावं: मुलांना निळा, आकाशी, पांढरा घेऊ नका. पाण्याखाली ते रंग दिसत नाहीत. एखादं पोर तळाशी गेलं तर वरून चटकन नजरेत यावं असा भडक रंग घ्या. अक्का काळा म्हणत होत्या, अंगाला उठून दिसू नये म्हणून. इथे उठून दिसायलाच हवं होतं.

या वेळी मी एकटी दुकानात गेले नाही. धाकटी बरोबर होती, थोरला होता आणि हेही होते, हट्टानं नेले. ठरलं होतं ते एवढंच, की दोघांचेही गुडघ्यापर्यंतचे, अंगाबरोबर बसणारे. बाकी त्यांनी निवडायचं. तिला घालून हात वर करायला लावले, खाली वाकायला लावलं, उकिडवं बसायला लावलं. कुठे ओढलं जात नाही ना, काखेत काचत नाही ना, हे तिनं स्वतः सांगायचं. तिनं नारिंगी घेतला. थोरल्यानं तोंड वाकडं केलं. "माझे मित्र हसतील, माझं आधीचं चांगलं होतं." ह्यांनी त्याला बाजूला घेतलं. काय बोलले मला माहीत नाही, पण त्यानं घेतला. घरी आल्यावर धाकटीचा बघून अक्का म्हणाल्या, "नावेतल्या जॅकिटाचा रंग की हा."

यात कुणी जिंकलं असं नाही. वन्संना अजून पटलेलं नाही, आणि मला त्यांचं सगळंच चुकीचं वाटत नाही. एखाद्या मुलीला स्वतःलाच घोट्यापर्यंतचा बरा वाटत असेल तर तिनं तो घालावा की, उन्हातल्या उघड्या तलावात कातडी भाजायचीही वाचते. पण आमच्या या भांडणात एक गोष्ट मागे पडत होती, ती मला कपड्याच्या लांबीपेक्षा मोठी वाटते. कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी आहे का? मुलीबरोबर कोण जातं? शिकवताना कोच कुठे धरतात आणि कुठे धरायचं नाही, हे तिला आणि थोरल्यालाही घरी स्पष्ट शब्दांत सांगितलंय का? आणि फोटो. "बघतील लोक" म्हणणाऱ्या आपणच पोरांचे तलावातले फोटो स्टेटसला ठेवतो, तिथे दोनशे जण बघतात. आमच्याकडे आता तलावावर फोन पिशवीतच राहतो.

कपड्याचं थोडं, कारण महाग असतात. तलावातून आल्यावर लगेच साध्या पाण्यात खळबळून घ्या, क्लोरीन राहिलं की ताण जातो आणि कापड विरतं. मशीनमध्ये नको, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. अक्कांचा नियम आणखी कडक: ओला कॉस्च्युम पिशवीत बोचक्यासारखा पडून राहता कामा नये, ओल्या कापडात जीव होतात. धाकटी घरी आल्या आल्या आधी दोरीवर टाकते, मग दूध पिते. दूध गरम असो की गार.

ती परत पाण्यात उतरली ते मात्र कॉस्च्युमच्या पहिल्या दिवशी नाही. दोन दिवस टॉवेल होताच. अक्कांनी जुन्या दोन पंचांचा एक झगा शिवून दिला, पुढे बंद असलेला, पाण्याच्या कडेपर्यंत घालून जायचा आणि तिथे काढून ठेवायचा. तिसऱ्या दिवशी तिनं तो काढला. आठवड्यानं झगा खोलीतच राहायला लागला. तो आता पुसायला वापरतो.

मे संपता संपता तिनं तलावाची एक लांबी न थांबता पार केली, पंचवीस मीटर. त्या दिवशी अक्का पहिल्यांदा गॅलरीत आल्या होत्या, सकाळचं मंदिर करून, हातात अजून अष्टद्रव्याची डबी. त्या दुसऱ्या बाईही होत्या. अक्का त्यांच्या शेजारीच जाऊन बसल्या, "आमचीच नात," म्हणाल्या, आणि पुढे सगळा वेळ पाण्याकडे बघत राहिल्या.

धाकटी धापा टाकत वर आली. "आज्जी, बघितलंस?"

"बघितलं. पाय लई आपटतीस. पाणी केवढं उडवतीस विनाकारण. विहिरीत मला भाऊ रागवायचा असं केलं की."

दुसऱ्या दिवशी कोचनीही तिला तेच सांगितलं.