चार कुत्री, चार हर्डल आणि आम्ही चौघे

"कुत्र्यांची रिले रेस? काय राव, थापा मारतोस का!"

सुट्टीहून परतल्यावर कट्ट्यावर फ्लायबॉलचा विषय काढला तेव्हा पहिली प्रतिक्रिया ही अशी. दुसरी म्हणजे, "इथे आपली एम-थ्री सुटत नाही आणि तिकडे कुत्र्यांना मेडल मिळतायत!" म्हटलं, एकदाचं मासिकातच लिहून टाकू. (संपादक मंडळी लेख द्या, लेख द्या म्हणून मागे लागलीच होती.)

त्याचं झालं असं, की चौथ्या सेमिस्टरची परीक्षा संपली आणि मी ताईकडे कॅनडाला गेलो. ताई आणि दाजी टोरांटोजवळ राहतात. त्यांच्या शेजारी एक रिटायर्ड बाई आहेत. त्यांच्याकडे पीनट नावाचा जॅक रसेल टेरिअर. उंची जेमतेम आपल्या पोटरीएवढी, पण रुबाब अल्सेशियनचा! आम्ही घरात त्या बाईंना 'पीनटची आजी' म्हणायचो. मी मेकॅनिकलचा आहे हे कळल्यावर एका शनिवारी त्या म्हणाल्या, "तुला मशीन आवडतात ना? मग चल, आमचं मशीन बघ."

बर्फ काढलेल्या एका आइस हॉकीच्या हॉलमध्ये रबरी मॅट अंथरल्या होत्या. आत शिरलो आणि कानठळ्या बसल्या. गॅदरिंगच्या डीजेला लाजवेल असं भुंकणं! पण ते भुंकणं रागाचं नव्हतं. "मला सोडा, मला पळू द्या" अशी ती ओरड होती.

आता खेळ समजून घ्या. शेजारी-शेजारी दोन लेन, प्रत्येक लेनमध्ये एक टीम, टीममध्ये चार कुत्री. स्टार्ट लाइनपासून ६ फुटांवर पहिली हर्डल, मग दहा-दहा फुटांवर आणखी तीन आणि शेवटच्या हर्डलपासून १५ फुटांवर एक बॉक्स. बेरीज करून बघा, ५१ फूट. कुत्र्याने चार हर्डल ओलांडून जायचं, बॉक्सवर आदळायचं, त्यातून उडालेला टेनिसचा चेंडू तोंडात पकडायचा आणि चारही हर्डल ओलांडून परत यायचं. मग दुसरं कुत्रं, मग तिसरं, मग चौथं. चांगल्या टीमला याला वीस सेकंदही लागत नाहीत आणि सगळ्यात वेगवान टीम पंधराच्या आत संपवतात. व्हायवात आपल्याला स्वतःचं नाव आठवायला याहून जास्त वेळ लागतो.

या खेळाचं मूळ दक्षिण कॅलिफोर्नियात. १९६० च्या दशकाच्या शेवटी आणि १९७० च्या सुरुवातीला तो तिथे आकाराला आला. हर्बर्ट वॅगनर नावाच्या माणसाने चेंडू उडवणारा बॉक्स बनवला आणि तो जॉनी कार्सनच्या टीव्ही शोमध्ये दाखवला, असं सांगतात. पुढे टोरांटो आणि डेट्रॉइटच्या परिसरातल्या क्लबांनी त्याची रीतसर स्पर्धा केली. पहिली टूर्नामेंट १९८३ साली झाली आणि १९८४ मध्ये नॉर्थ अमेरिकन फ्लायबॉल असोसिएशन स्थापन झाली. १९९० मध्ये हा खेळ इंग्लंडच्या प्रसिद्ध क्रफ्ट्स डॉग शोमध्येही पोचला. म्हणजे मी अगदी माहेरघरीच जाऊन बघितला म्हणायचा.

मी मात्र बॉक्सला चिकटलो होतो. समोर तिरका फळा, त्यावर भोक, आत स्प्रिंग. कुत्र्याच्या पायाचा दाब पडला की चेंडू सुटतो. खरी गंमत कुत्र्याच्या वळण्यात आहे. सरळ धावत जाऊन बॉक्सवर आदळलं तर सगळा धक्का पुढच्या पायांना आणि खांद्यांना बसतो. म्हणून त्यांना पोहणाऱ्यासारखं वळायला शिकवतात. पोहणारा भिंतीशी गेला की जसा अंग वळवून पायाने ढकलतो, तसंच कुत्रं आडवं होऊन चारही पाय फळ्यावर टेकवतं आणि त्याच झटक्यात चेंडू घेऊन उलटं निघतं. मोमेंटम, इम्पल्स, सगळं त्या एका क्षणात. एफ.ई.ला हे असं शिकवलं असतं तर माझी केटी लागली नसती!

दुसरी गंमत पासिंगची. आधीच्या कुत्र्याने लाइन ओलांडल्याशिवाय पुढच्याने ओलांडायची नाही. पण तो परत येईपर्यंत थांबलात तर वेळ गेला. म्हणून पुढचं कुत्रं बरंच मागून, आधीच सोडतात. दोघं समोरासमोरून सुसाट येतात आणि लाइनवर नाकाला नाक लावून एकमेकांना ओलांडतात. लाइनवरचे सेन्सर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. पुढचं कुत्रं जराही लवकर गेलं, हर्डल चुकली किंवा चेंडू पडला, तर त्या कुत्र्याने बाकीच्यांचं झाल्यावर पुन्हा पळायचं.

पीनटच्या टीममधली बाकी तिघं बॉर्डर कोली. बाण सुटावा तशी पळायची. पीनट त्यांच्यापेक्षा चांगला सेकंदभर मागे. मला राहवेना. विचारलं, "आजी, याच्या जागी आणखी एक बॉर्डर कोली का नाही घेत?"

आजी हसल्या. "हर्डल बघितलीस? किती उंच आहे?"

होती फक्त ७ इंच. शेजारच्या लेनमध्ये चांगली उंच होती.

"हर्डलची उंची टीममधल्या सगळ्यात छोट्या कुत्र्यावरून ठरते," आजी म्हणाल्या. "कमीत कमी ७, जास्तीत जास्त १४ इंच. पीनट आहे म्हणून ती तिघं इतकी खाली उडी मारून पळतात."

मी मनात हिशेब केला. तीन कुत्री गुणिले आठ उड्या, एकूण चोवीस उड्या पीनटमुळे सोप्या झाल्या होत्या. आणि मी बघत काय होतो, तर त्याचा एक सेकंद!

पुढच्याच हीटमध्ये पीनटच्या तोंडातून चेंडू निसटला आणि गडगडत गेला. त्याला पुन्हा पळावं लागलं. तोवर समोरची टीम जिंकून मोकळी झाली होती. मला वाटलं, आता आजी रागावणार. तर त्यांनी गुडघ्यावर बसून त्याची आवडती दोरी पुढे केली आणि दोघं ओढाओढ खेळायला लागले! टीममधले बाकीचेही टाळ्या वाजवत होते. आजी मला म्हणाल्या, "चेंडू घट्ट धरायला शिकवणं माझं काम. ते कमी पडलं असेल तर ओरडा त्याने का खायचा?"

आणि मला एकदम आमचा मिनी-प्रोजेक्ट आठवला.

आम्ही चौघे होतो. चौथा तालुक्याच्या गावचा, मराठी मीडियमचा, कमी बोलणारा. प्रेझेंटेशनमध्ये "तू फक्त उभा राहा" असं आम्ही त्याला सांगितलं होतं. एक्स्टर्नलनी नेमका त्यालाच प्रश्न विचारला, तोही इंग्रजीत. तो गप्प. नंतर कँटीनमध्ये सगळ्यांसमोर मी म्हणालो, "तुझ्यामुळे मार्क गेले." तो चहा तसाच ठेवून उठला. त्यानंतर तो आमच्या कट्ट्यावर आला नाही.

खरं काय होतं सांगू? मॉडेलचा प्रत्येक पार्ट त्याने लेथवर बसून काढला होता. त्याच्या वडिलांचं अवजारं दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, लहानपणापासून त्याचा हात बसलेला. आम्ही तिघं जॉब करायला बसलो असतो तर सबमिशनची तारीख उलटून गेली असती. आमच्या सगळ्या हर्डल त्याने खाली आणून ठेवल्या होत्या, आणि मी त्याचा एक पडलेला चेंडू मोजला.

परत आल्यावर होस्टेलवर त्याच्या रूमवर गेलो. सॉरी म्हणालो, पण नीट जमलं नाही. तो "ठीक आहे" म्हणाला आणि पुस्तकात बघत बसला. काय बोलावं कळेना, म्हणून मी फ्लायबॉलबद्दलच सांगत सुटलो. लेन, हर्डल, पासिंग... बॉक्सपर्यंत आलो तेव्हा त्याने पुस्तक मिटलं.

"स्प्रिंग कॉम्प्रेशनची आहे का टॉर्शनची?" त्याने विचारलं.

"तेवढं नाही बघितलं," मी म्हणालो.

"मग महत्त्वाचं काय बघितलंस रे?" असं म्हणून त्याने वहीचं मागचं पान काढलं आणि पेन्सिलला टोक करायला घेतलं.

— टी. ई. (मेकॅनिकल)