खलाचे वजन

माझे आणि माझ्या लेकीचे भांडण झाले ते एका दगडावरून. गेल्या वर्षी ती स्थापत्यशास्त्र शिकायला इंग्लंडला निघाली, तेव्हा तिच्या सामानात मी आमचा काळ्या दगडाचा खल ठेवला होता. खल माझ्या आईचा. मला तो लग्नात मिळाला. विमानतळावर बॅग काट्यावर चढवली, तर ती तीन किलोंनी जास्त भरली! मागे ही रांग. लेकीने भराभर कपडे उपसले, तो तळाशी बत्त्यासकट खल निघाला.

"आई, तिथं सगळं तयार मिळतं. मॅट्रिकच्या पुढं शिकली असतीस तर कळलं असतं तुला!"

बोलून गेली आणि विमानात बसली. मी खल पिशवीत घालून एस्टीने वाईला परत आणला.

मी मॅट्रिक आहे हे काही गुपित नाही. बालवर्ग शिकवते, कादंबऱ्या लिहिते. त्यांतल्या दोन नायिकांना तर मी खुशाल परदेशी धाडले आहे. पण पोटची पोर बोलली की ते वेगळे लागते. पुढे महिनाभर आमचे फोन मोठे सुरळीत होत. "जेवलीस का?" "जेवले." "थंडी आहे का?" "आहे." याच्यापलीकडे गाडी सरकेना.

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. शेवटचा घाणा काढून मी हात पुसते आहे, तो फोन वाजला. लेक सॅलिसबरी नावाच्या गावी स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसली होती. एकटीच स्टोनहेंज पाहून आली होती.

"दगड बघायला गेलीस?" मी विचारले. प्रश्न साधा होता. पण तो तिला टोचला असावा. ती थोडी गप्प राहिली. मग सांगू लागली.

स्टेशनावरून बस. माळरान, वारा, आणि दोन्ही बाजूंना चरणाऱ्या मेंढ्या. लांबून ते दगड पाहून तिचा विरसच झाला. चित्रात किती मोठे दिसतात! पण जवळ गेली आणि मान वर करावी लागली. सर्वांत उंच शिळा जवळजवळ दुमजली घराएवढी. आत जाऊ देत नाहीत. दोरी बांधलेली असते, तिच्या कडेकडेने फिरायचे. मोठ्या शिळांचे वजन सरासरी २५ टन. सुमारे ४,५०० वर्षांपूर्वी त्या उभ्या केल्या. उभ्या शिळेच्या माथ्यावर उंचवटा कोरलेला आणि वरच्या आडव्या शिळेच्या पोटात तेवढीच खाच. सुतार चौकट सांधतो, अगदी तस्सा सांधा, पण दगडात! तिच्यातली इंजिनियर बोलत होती. मला ते ऐकत राहावेसे वाटले.

"पण आई, खरी गंमत धाकट्या दगडांची आहे. ते वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांमधून आणलेत. सव्वादोनशे किलोमीटर! एकेक दोन ते पाच टनांचा. तेव्हा त्या बेटावर चाकसुद्धा नव्हतं. आणि मधोमध आडवा पडलेला एक दगड तर थेट स्कॉटलंडच्या ईशान्येकडून आलाय. साडेसातशे किलोमीटर. हे कळलं २०२४ साली."

"इतक्या लांबून कशाला?"

"ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. पण तिथं माणसांच्या जळलेल्या अस्थी पुरलेल्या सापडल्यात. त्यांतल्या पंचवीस जणांच्या अस्थी तपासल्या, २०१८ साली निष्कर्ष आले. दहा जण तिथले नव्हते. पश्चिमेकडून, बहुधा वेल्सकडूनच आलेले."

म्हणजे माणसेही तिकडचीच आणि दगडही तिकडचेच. मी काही बोलले नाही. तीही थांबली.

प्रवाशांसाठी तिथे एक शिळा लाकडी घसरगाडीवर ठेवून दोर बांधला आहे म्हणे. हिने तो ओढून पाहिला. शिळा जागची हलली नाही. शेजारी त्या काळच्यासारखी पाच घरे बांधली आहेत; पांढऱ्या भिंती, गवताचे छप्पर, मध्ये चूल. एका घरात एक बाई गुडघे टेकून दगडावर धान्य रगडत होती. खाली खोलगट दगड, हातात दुसरा दगड.

"आजीच्या पाट्यासारखा गं. मी तिथं उभीच राहिले. ती बाई मला म्हणाली, करून बघ. मी रगडलं थोडं. आणि..." तिचा आवाज बदलला. "आई, ज्यांनी हे सगळं केलं, ते मॅट्रिक तरी झाले होते का गं?"

मला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही. लेकीने क्षमा मागितली ती अशी, पाच हजार वर्षांचा वळसा घालून. मीही तिला आडवेतिडवे काही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टात जाऊन खल वजनावर ठेवला. लागणारे पैसे ऐकले आणि मुकाट्याने पिशवी उचलली. लेकीला फोन केला, तर म्हणाली, "राहू दे. उन्हाळ्यात येईन तेव्हा माझी मीच नेईन. कपडे कमी घेईन."

"बरं," मी म्हटले.

"आत्ता काय करतेयस?"

करंजीच्या सारणासाठी मी वेलदोडे सोलत बसले होते. तसे सांगितले.

"मग कूट ना. फोन तिथंच ठेव."

मी फोन खलाशेजारी ठेवला आणि बत्ता हातात घेतला. वेलदोडे बारीक झाले तरी पलीकडून ती 'पुरे' म्हणेना, आणि मीही थांबले नाही.