न दिसलेलं खमीर

मोहने, ता. कल्याण

प्रिय बाय,

तुझा आवाजी मेसेज काकांनी मोठ्याने लावला, त्यामुळे शेजारणीनेही ऐकला. कपाटं सरकवून तुझी कंबर गेली, आणि सासूबाई म्हणतात, करोनाच्या वर्षीही आम्ही घराची एक फट सोडली नव्हती. मग हळूच विचारतेस की मावशी, त्या पेसाखला तुम्ही मोहन्यात काय केलंत? न सिनेगॉग, न रब्बी, न मात्झाची, म्हणजे बिनखमिराच्या भाकरीची, पाकिटं. हे फोनवर आटपणारं नाही, म्हणून लिहायला बसले.

उत्तर आधीच देते. तुझ्या सासूबाईंपेक्षा पुष्कळ कमी केलं, आणि कायद्यापेक्षा कमी काही केलं नाही. आपल्या धर्माचा कायदा सांगतो, पेसाखच्या सणात घरात खमीर राहू नये.

कायद्याचा जुना ग्रंथ मिश्ना, त्याच्या पेसाहीम भागाची सुरुवातच बघ. जिथे खमीर नेलं जात नाही ती जागा तपासायची गरज नाही, असं तिथे स्वच्छ म्हटलंय. म्हणजे पंख्याची पाती, पडदे, माळ्यावरची ट्रंक ही सगळी आपली हौस. धूळ म्हणजे खमीर नव्हे. गहू, जव आणि त्यांच्या जातीची मिळून पाच धान्यं, त्यांना पाणी लागून ती आंबली की खमीर होतं. त्याचा शोध स्वयंपाकघरात, जेवायच्या जागी, मुलांच्या दप्तरात, कोटाच्या खिशात घ्यायचा. दरवर्षी आपण बायका ही हद्द ओलांडतो आणि वर दमल्याचा अभिमान मिरवतो. त्या वर्षी कामाला बाई नव्हती, काकांचा खोकला चालू होता, फिनेलची बाटलीही जपून वापरायची होती. तेव्हा कायदा कुठे संपतो आणि आपली खोड कुठे सुरू होते, हे मला पहिल्यांदाच नीट बघावं लागलं.

24 मार्च 2020 च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली, एकवीस दिवसांची. सेदेरची, म्हणजे पेसाखच्या विधिवत जेवणाची, पहिली रात्र 8 एप्रिलची, म्हणजे टाळेबंदीच्या आतच. कायदा म्हणतो, सणापूर्वी घरातलं खमीर संपवत आणा. आणि बाहेर सगळा गाव पीठ, रवा, शेवया, पाव घरात भरत होता. काकांनीही भीतीपोटी दहा किलो आटा आणून ठेवला, तुला त्यांचा स्वभाव माहीतच आहे.

आता कोरडं पीठ तसं नक्की खमीर नव्हे. पण मोठ्या गिरण्यांत दळण्याआधी गव्हाला पाणी देतात, म्हणून आटा संशयात धरतात. दरवर्षी लोक अशा वस्तू कागदपत्र करून परधर्मीयाला विकतात. त्या वर्षी रब्बींनी ती अधिकारपत्रं फोनवर आणि ईमेलवर घ्यायला सुरुवात केली, कारण सहीसाठी दारात माणूस येणार कसा? आम्ही तेवढं लांब गेलोच नाही. पीठ शेजारणीला देऊन टाकलं. ती भली बाई म्हणाली, "आठ दिवसांनी परत देते हं, लागलं तर वाटीभर घेईन." मी म्हटलं, "बाई, परत देणार असशील तर ते देणंच होत नाही." परतीच्या बोलीवर दिलेलं खमीर आपलंच राहतं, दान बिनशर्त हवं. तिला वाटलं मी संकोचाने बोलतेय, म्हणून ती आणखी आग्रह करू लागली. शेवटी दोघी मास्क लावून दारांत उभ्या राहून कायद्याचा कीस पाडत बसलो. तिने तो आटा पुढे इमारतीतल्या एका बिगारी कुटुंबाला दिला. मला त्यात काही बोलायचा हक्क उरला नव्हता, आणि तेच तर हवं होतं.

तुझ्या मावसभावाचा घोळ वेगळा. त्याच्या मुंबईच्या ऑफिसातल्या लॉकरमध्ये बिस्किटांचे पुडे आणि अर्धा डबा राहिलेला. लोकल बंद, ऑफिसला सील. तो रात्री एक वाजता मला विचारतो, आई, त्याचं काय? मिश्नात याचं उत्तर आहे, आणि मला ते फार आवडतं. माणूस धर्मकार्याला निघाला आणि वाटेत आठवलं की घरी खमीर राहिलं. परत जाऊन ते नष्ट करून पुन्हा धर्मकार्याला पोचता येत असेल तर परत जावं, नाहीतर मनातच रद्द करावं. पण तो कुणाला सैन्यापासून, पुरापासून, दरोड्यातून, आगीतून, ढिगाऱ्याखालून वाचवायला निघाला असेल, तर परत जायचा प्रश्नच नाही, मनात रद्द करून पुढे चालावं. आणि स्वतःच्या मौजेला निघाला असेल तर मात्र ताबडतोब मागे फिरावं. पुराचं नाव वाचलं की मला 26 जुलै 2005 आठवतो. उल्हासचं पाणी चढताना कुणी डब्यातले पुडे मोजत बसलं होतं का? साथीत घरी थांबणं हेही कुणाला तरी वाचवणंच होतं. पोराला म्हटलं, रद्द कर आणि झोप.

हे रद्द करायचं वाक्य अरामी भाषेत छापलेलं असतं, आणि बरेचजण ते मंत्रासारखं पुटपुटतात. पण ते समजून म्हणायला हवं, समजत नसेल तर आपल्या भाषेत म्हणावं, अशी मोकळीक कायद्यातच आहे. काकांनी मराठीत म्हटलं. रात्री म्हणायचं ते फक्त न दिसलेल्या खमिराबद्दल असतं, कारण सकाळच्या न्याहारीचा तुकडा अजून आपला असतो. सकाळी जाळल्यावर मात्र दिसलेलं, न दिसलेलं सगळंच जमिनीच्या मातीइतकं बेवारस ठरवायचं.

शोध मंगळवारी रात्री, 7 एप्रिलला. त्याच्या दोनच दिवस आधी, रविवारी रात्री नऊ वाजता सगळ्या देशाने दिवे मालवून नऊ मिनिटं पणत्या-मेणबत्त्या लावल्या होत्या. त्यातली उरलेली मेणबत्ती आम्ही वापरली. काका पुढे, मी मागे, चालीप्रमाणे लपवलेले पावाचे दहा तुकडे शोधत अंधारात फिरतोय, आणि समोरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "काय हो, आज पुन्हा आहे का?" काका हसले आणि दहावा तुकडा कुठे ठेवलाय ते विसरले. शेवटी सापडला तो गॅसच्या शेगडीमागे. तिथे कायद्याने शोधायचंच होतं.

सकाळी जाळायचं. सगळ्या इमारती घाबरलेल्या, त्यात गच्चीवर धूर काढला असता तर पोलीसच आले असते. तुमच्याकडे इस्राएलातही रब्बींनी त्या वर्षी होळ्या पेटवू नका, चुरा करून पाण्यात सोडा, नाहीतर ब्लीच ओतून नासवा, असंच सांगितलं होतं ना? काही लोकांना ती पळवाट वाटली. ती पळवाट नव्हे. खमीर जाळूनच संपवावं असं रब्बी यहुदाचं मत, पण बाकीचे पंडित म्हणतात चुरा करून वाऱ्यावर उधळलं किंवा समुद्रात टाकलं तरी चालेल. हा वाद मिश्नाइतका जुना आहे. कुत्र्यालाही खाववणार नाही इतकं नासलेलं अन्न खमीर राहत नाही, हाही कायद्यातलाच हिशोब, त्यामुळे सॅनिटायझरची चिंता करू नये. बंधाऱ्यापर्यंत जाता येत नव्हतं, म्हणून आम्ही चुरा मोरीतून सोडून दिला. दहा तुकड्यांना असा किती वेळ लागणार!

भांड्यांची गोष्ट सांगते. माझ्या आईकडे पेसाखच्या आधी कल्हईवाला यायचा आणि भिंतींना चुना लागायचा, तू लहानपणी बघितलं असशील. कल्हईवाला काय, त्या एप्रिलमध्ये कावळाही फिरकत नव्हता. पण कल्हई कायद्यात नाही. कायद्याचा नियम सोपा आहे: भांड्याने जसं शोषलं तसंच ते सोडतं. उकळत्यात वापरलेलं स्टीलचं पातेलं चोवीस तास न वापरता ठेवून खळखळत्या पाण्यात बुडवायचं, मग थंड पाण्याने धुवायचं. थेट विस्तवावर वापरलेलं लोखंड लाल होईस्तोवर तापवायचं. मातीच्या भांड्याला उपाय नाही, ते बाजूला ठेवायचं. नव्या भांड्यांना मिकवेत, म्हणजे शुद्धीच्या कुंडात, बुडवावं लागतं, मिकवे बंद, तर त्यावरही जुनी वाट होती: भांडं परधर्मीयाचं करून त्याच्याकडून वापरायला मागून घ्यायचं. मी नवं काही घेतलंच नाही, त्यामुळे शेजारीण त्या एका खटल्यातून वाचली.

चुन्यावरून एक आठवलं. काका सांगतात, 1896 सालच्या प्लेगमध्ये मुंबईत सरकारी माणसं घरात घुसून भिंतींना चुना फासत, कौलं काढत, सामान जाळत. लोकांना तो जुलूम वाटला, आणि होताही. म्हणजे त्याच्या पुढच्या वसंतात आपल्या कुणा बेने इस्राएली, कोकणी यहुदी घरात सणाचा चुना आणि सरकारचा चुना एकाच भिंतीवर बसला असणार. त्याच मुंबईत 10 जानेवारी 1897 ला हाफकिनने स्वतः बनवलेली प्लेगची लस स्वतःलाच टोचून घेतली. तो ओदेसाचा यहुदी. पुढे म्हातारपणी धर्माचरणाच्या बाजूने त्याने लेखही लिहिला. प्रयोगशाळेतला माणूस आणि कायदा पाळणारा माणूस एकमेकांचे वैरी असतात असं त्याला वाटलं नाही. 1831 साली पोझेनला पटकी आली तेव्हा रब्बी अकिवा एगरने प्रार्थनेला पंधराहून जास्त माणसं जमू नयेत असं लिहून दिलं होतं. गर्दीला मर्यादा घालणं ही 2020 ची नवी कल्पना नव्हे, एवढंच तुझ्या दिरांना सांग.

आता भाकर. दरवर्षी ठाण्याहून मात्झाचं पाकीट यायचं, त्या वर्षी ठाणं चंद्राइतकं लांब. तिथलं सिनेगॉग शआर हशामाईम 1879 सालचं, त्याच्या दाराला सणात कुलूप लागल्याचं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. मी आईचं लहान जातं काढलं. गहू धुतला नाही, फडक्याने कोरडाच पुसला आणि दोन दिवस आधी दळला, कारण ताजं दळलेलं पीठ गरम असतं आणि गरम पीठ लवकर फुगतं. पाणी आदल्या संध्याकाळी भरून रात्रभर झाकून ठेवलेलं. तवा कोणता? आपल्या कोकणी घरात तांदळाच्या भाकरीचा बिडाचा तवा वेगळाच असतो, त्याला गहू लागलेला नव्हता, तरी विस्तवावर चांगला तापवला. काका घड्याळ घेऊन स्टुलावर. पाणी पडल्यापासून अठरा मिनिटं, मील नावाचं जुनं अंतर चालायला लागणारा वेळ. हात थांबवायचा नाही, मीठ नाही, तेल नाही. पातळ लाटायची, सगळीकडे टोचायची, कोरडी भाजायची. पहिली टम्म फुगली, ती बाजूला काढली. दुसरी मधोमध दुमडली आणि चिकटली, तीही बाजूला, कारण घडीत कच्चं राहतं. चौथ्या भाकरीला हात बसला. कडक, डागाळलेली, कडेला थोडी जळलेली. पुढच्या गोळ्याला बारा मिनिटं झाल्यावर काका म्हणाले, "पुरे." मी म्हटलं, "आणखी सहा आहेत." ती सहा मिनिटं पाळून सहा भाकऱ्या झाल्या.

1874 साली पुण्यात छापलेल्या मराठी हागादात, म्हणजे सेदेरला वाचायच्या पोथीत, लुगडं नेसलेल्या बायका भाकर करताना चित्रात काढल्यात. त्याआधी 1846 ला मुंबईत पहिली निघाली होती. पण त्याच्याही आधी काय होतं ते तुझ्या सासूबाईंना सांग, त्यांना बसायला खुर्ची देऊन. कोकणात आपल्या लोकांकडे ना रब्बी होता, ना हागादा. पेसाखला ते अनाशी ढाकाचा सण म्हणत. आंबट कालवणाचं भांडं त्या दिवसांत झाकून ठेवायचं, उघडायचं नाही. एवढीच आठवण हाती उरली होती. तेल गाळून, शनिवारी घाणा बंद ठेवून, ती पिढ्यानपिढ्या सांभाळली. मी त्याचे गोडवे गाणार नाही, त्यात पुष्कळ गमावलंही होतं, आणि एकोणिसाव्या शतकात कोचीनच्या शिक्षकांनी येऊन शिकवलं नसतं तर मला आज मिश्नाचा एक शब्दही सांगता आला नसता. पण सिनेगॉग बंद झालं म्हणून पेसाख अर्धा झाला, असं रडगाणं त्या वर्षी जगभर चाललं होतं, ते मला पटलं नाही. पहिला पेसाखच घरात झाला, बाहेर मरी फिरत असताना, आणि सकाळपर्यंत कुणी दाराबाहेर पडू नका असा हुकूम होता. तुमच्या सरकारने सेदेरच्या रात्री संचारबंदी लावली तेव्हा त्यात नवीन काय होतं?

सेदेरला आम्ही तिघं, काका, मी आणि तुझा मावसभाऊ. दारूची दुकानं बंद, पण आपल्याला त्याची काय पडलीय. काळ्या मनुकांचं सरबत गाळलं, कायद्याला ते द्राक्षरस म्हणून चालतं. रमजान जवळ आल्याने खजूर मिळाला, त्याचा शिरा आटवून फडक्यातून गाळला. तुमच्याकडच्या काही सेफार्दी रब्बींनी म्हाताऱ्यांसाठी सेदेरला झूम चालू ठेवायची परवानगी दिली आणि मुख्य रब्बींनी ती अमान्य केली, तो वाद आमच्यापर्यंत आला होता. मला वाटतं, एकटं पडून खचणाऱ्या माणसासाठी ती परवानगी योग्य होती, आणि आम्हा तिघांना तिची गरज नव्हती. फोन मात्र मी बंद केला नाही. काकांच्या छातीत घरघर होती आणि इस्पितळाचा नंबर हाताशी हवा होता. त्यासाठी कुणाची परवानगी मागायची नसते. तू तेव्हा अश्दोदला एकटीच खोलीत होतीस, हेही डोक्यात होतं. सूर्य इथे आधी मावळतो म्हणून मी दुपारीच तुला फोन करून घेतला. तू अंडं उकडत होतीस आणि रडत होतीस.

असो. या वर्षी पडदे काढू नकोस. शेगडीमागे बघ, पर्स उलटी कर, मुलाच्या गाडीतल्या सीटखाली बघ, तिथे बिस्किटं असतातच. भाताचं म्हणशील तर नवऱ्याच्या घरची चाल आता तुलाही पाळावी लागेल, पण तांदूळ खाणं पाप आहे असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नकोस. आपण तो दाणा दाणा निवडून आठही दिवस खात आलो.

मनुका आदल्या रात्री भिजत घाल, सकाळी घातल्या तर रंग उतरत नाही. मनुका बिनबियांच्या घे. काकांचा मोतीबिंदू मे महिन्यात काढायचाय, तेव्हा फोन जरा उशिराने कर.

तुझी,
मावशी