भिडूची बोली

खामगावात आमच्या घरी दर रविवारी ब्रिजचा वर्ग भरतो. मास्तर मी. विद्यार्थी तीन: आमच्या शाखेचे कॅशियर, शेजारचे निवृत्त गुरुजी आणि सौ. 'पत्ते कुटतात' म्हणणाऱ्यांना मी ऐकवतो, २०१८ साली जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी याच खेळात सुवर्णपदक आणलं. बर्धन तेव्हा साठीचे!

सध्या स्लॅमची बोली चालू आहे. मी पडलो बी.कॉम., हिशेबच सांगणार. दोघांच्या पत्त्यांत मिळून ३३ गुण असले की १३ पैकी १२ हात बहुधा होतात. मग 'चार नो ट्रम्प' म्हणून भिडूला एक्के विचारायचे. एक असला तर त्याने 'पाच चौकट' म्हणायचं, दोन असले तर 'पाच बदाम'.

"हे तर भेंडवळच्या घटमांडणीसारखं झालं, राजेहो!" गुरुजी.

"तिथे अक्षय तृतीयेला घट मांडून सकाळपर्यंत थांबावं लागतं. इथे भिडू लगेच सांगतो."

परवा सौ. माझी भिडू. तिने 'चार नो ट्रम्प' म्हटलं. माझ्याकडे दोन एक्के. तोंडातून निघालं, "पास." बारा हात झाले, स्लॅमचे पाचशे गुण बुडाले.

कॅशियर हळहळले. सौ. पत्ते गोळा करत म्हणाली, "त्यात काय, भाऊजी? ऑफिसरच्या परीक्षेचा फॉर्म तीनदा आला, तेव्हाही हे 'पास'च. परीक्षेला न बसता पास होणारे हे बँकेत एकटेच!"

मी निमूटपणे पत्ते पिसायला घेतले.